चौथरा आधी, पुतळा नंतर

वाचकांचे प्रश्न : स्मारकशिल्पं

शाळेचं स्काऊट पथक, सेवादलाची शाखा, वस्तीतलं व्यायाममंडळ यांची आठवण म्हणून काहीतरी उभारायचं आहे, अशी पत्रं ठाणे-नवी मुंबईतून बरीच आली. ती या अंकात एकत्र घेतली आहेत. सारखे प्रश्न एकात मिसळले आहेत. उत्तरं शिल्पकार, ओतकाम करणारे आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर यांनी मिळून दिली आहेत.

आमच्या शाळेच्या स्काऊट पथकाला पंचाहत्तर वर्षं होतील. शाळेजवळच्या चौकात नऊ फुटी ब्राँझचा स्काऊट बसवायचं माजी विद्यार्थ्यांनी ठरवलं आहे, वर्गणीही सुरू झाली. शिल्पकाराला आगाऊ रक्कम किती द्यावी? (नौपाडा, ठाणे)

आत्ता एक रुपयाही नको. आधी चौक डोक्यातून काढा. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी सगळ्या राज्यांना आदेश दिला, की सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकांच्या वापराच्या अशा जागांवर पुतळा किंवा कसलंही बांधकाम उभारायला परवानगी देऊ नये. दिव्याचे खांब, सिग्नल यांसारख्या सोयी तेवढ्या वगळल्या. चौकातलं बेट म्हणजे रस्ताच. नगरसेवक ‘बघतो’ म्हणाले तरी त्या ‘बघतो’वर वर्गणी गोळा करू नये.

मग जागा कोणती? पहिली पसंती शाळेचं स्वतःचं आवार. कुंपणाच्या आत, पण रस्त्यावरून दिसेल असा कोपरा. दुसरी महापालिकेचं उद्यान. त्यासाठी उद्यान विभागाचा अभिप्राय आणि महासभेचा ठराव लागतो. नवी मुंबईत एक जास्तीची पायरी आहे. भूखंड महापालिकेकडे हस्तांतरित झाला आहे की अजून सिडकोकडेच आहे, हे आधी काढावं. उद्यानाची देखभाल पालिका करते म्हणून जमीनही तिचीच असेल, असं समजून पुढे गेलेल्यांचे अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतात. खाडीकाठची जागा असेल तर तिवरं कुठवर आहेत ते मोजा. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालानुसार तिवरांभोवती ५० मीटर पट्ट्यात बांधकाम चालत नाही.

पुतळ्यांच्या परवानगीबाबत राज्य सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांची सुधारित आवृत्ती मे २०१७ची. ती मुख्यतः राष्ट्रपुरुष आणि थोर व्यक्तींच्या पुतळ्यांसाठी आहेत. तुमचा स्काऊट कुणी एक व्यक्ती नाही. तरी ‘आम्हाला हे लागू नाही’ असं स्वतःच ठरवून मोकळं होऊ नका. जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी विचारा आणि उत्तराची प्रत फाइलला लावा. फाइलमध्ये असावं : जागेच्या मालकाचं ना-हरकत पत्र, पोलिसांचं ना-हरकत पत्र, चौथऱ्याचा आणि आतल्या सांगाड्याचा नकाशा सहीशिक्क्यासह, पुतळ्याच्या मातीतल्या प्रतिकृतीला (मातीच्या नमुन्याला) कला संचालनालयाची मान्यता, आणि देखभाल कोण करणार याचं हमीपत्र. शेवटचा कागद सगळे सर्वात शेवटी आणि घाईत करतात. पुढची तीस वर्षं तोच कामाला येतो.

वर्गणीबद्दलही एक. माजी विद्यार्थ्यांचा नोंदणीकृत न्यास नसेल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी घेतात तीच.

हे सगळं झालं की मग शिल्पकार. पैसे टप्प्यांनी द्या : करारावर थोडे, मातीचा नमुना मान्य झाल्यावर, मेणाची प्रत तपासल्यावर, ओतकाम झाल्यावर, आणि बसवल्यावर. शेवटचा दहावा हिस्सा एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. ‘मेणाची प्रत’ हा टप्पा बहुतेक करारांत नसतो. तो का असावा, ते पुढच्या उत्तरात आहे.

एक कारागीर नऊ फुटी पुतळा ‘दोनशे किलोत बसवतो’ म्हणतो, दुसरा साडेतीनशे किलो सांगतो. तिसरा म्हणतो फायबरचा करा, रंग ब्राँझचाच देतो, कुणाला कळणार नाही. खरं काय धरायचं? (वाशी)

तिसऱ्याचं वाक्य खरं आहे, पण फक्त उद्घाटनापुरतं.

आधी वजनाचा हिशेब. साडेपाच फूट उंचीच्या, कपडे घातलेल्या आकृतीचं पृष्ठफळ साधारण २.२ चौरस मीटर धरा. नऊ फूट म्हणजे उंची १.६४ पट, म्हणून पृष्ठफळ त्याच्या वर्गाने, म्हणजे २.७ पट वाढतं : जवळपास ६ चौरस मीटर. जाडी ६ मिलिमीटर आणि ब्राँझचं वजन घनमीटरला ८,८०० किलो धरलं तर ३१५ किलो होतात. चुण्या, सांधे, पायाखालची पाटी धरून साडेतीनशे. दोनशे किलोत बसवायचा तर जाडी ४ मिलिमीटरच्या खाली जाते. तेवढ्या पातळ पोकळीत रस सगळीकडे पोचत नाही. भोकं राहतात, ती मागाहून भरली जातात, आणि त्या ठिगळांवर दोन पावसाळ्यांत वेगळा रंग चढतो. म्हणून कोटेशनमध्ये रकमेबरोबर जाडी आणि किमान वजन लिहून घ्या, आणि ओतकाम झाल्यावर काट्यावर तोलून घ्या.

जाडी ठरते ती मेणाच्या टप्प्यावर. पद्धत अशी : मातीच्या पुतळ्यावरून साचा, साच्यात मेणाचा थर, आत गाभा, बाहेरून प्लास्टर आणि विटांच्या भुकटीचं वेष्टण. भट्टीत मेण वितळून निघून जातं आणि त्या पोकळीत साधारण ११०० ते १२०० अंशांचा रस ओततात. म्हणजे मेण जेवढं जाड, धातू तेवढाच जाड. एक जाड सुई घेऊन जा. काखेत, मानेमागे, स्कार्फच्या घडीत, गुडघ्यामागे टोचून बघा. बहुतेक ठिकाणी ६ ते ७ मिलिमीटर हवं. पातळ जागी रस गोठतो. अचानक जाड झालेल्या जागी तो आकसताना आत पोकळी राहते. ब्राँझ थंड होताना दीड टक्का आकसतं, हेही लक्षात असू द्या. नऊ फुटांच्या मातीचा धातू चार सेंटिमीटरने बुटका निघतो. कोनशिलेवर आणि उद्घाटनाच्या पत्रिकेत उंची छापायची हौस असेल तर माती तेवढी मोठी करून घ्या.

मिश्रधातूचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण विचारायला हवा होता. आपल्याकडच्या निविदांमध्ये ८५-५-५-५ असं लिहिलेलं असतं : तांबं ८५, कथील, जस्त आणि शिसं प्रत्येकी ५ टक्के. हे ओतायला सोपं, कोरीव बारकावे छान उतरतात. पण मोठा पुतळा तुकड्यांत ओततात आणि मग जोडतात. जोडताना त्यातलं जस्त आणि शिसं झाळीत बारीक छिद्रं पाडतात. सिलिकॉन ब्राँझ (तांबं ९५ टक्के, सिलिकॉन ४, मँगनीज १) महाग पडतं, पण त्याचं वेल्डिंग स्वच्छ होतं. दोन्ही चालतात. चालत नाही ते म्हणजे एका धातूचा पुतळा आणि दुसऱ्याच धातूची वेल्डिंग काडी. सुरुवातीला रंग एकसारखा दिसतो, वर्षभरात खांद्यावर आणि कमरेवर शिवणी उमटतात. प्रत्येक ओतणीबरोबर त्याच रसाची एक छोटी कांडी ओतून घ्या आणि तिची धातुचाचणी करा. मिश्रधातू तपासायचं बंदुकीसारखं यंत्र भंगाराच्या बड्या व्यापाऱ्यांकडेही असतं, काम मिनिटाचं आहे.

आता फायबर. पॉलिएस्टर रेझिन आणि काचेच्या धाग्यांचं काम घरात, सभागृहात, छपराखाली उत्तम टिकतं. उघड्यावर मात्र उन्हाने वरचा थर खडूसारखा भुरभुरतो. त्याहून मोठा दोष आत असतो. बहुतेकदा आधाराला साधं लोखंड घातलेलं असतं. भेगेतून पाणी शिरलं की ते गंजून फुगतं आणि आतून कवच फोडतं. फायबरच करायचं असेल तर ‘फायबर’ असंच कोनशिलेवर लिहा, आत स्टेनलेस वापरा आणि दर काही वर्षांनी रंगासाठी पैसे बाजूला काढा. ब्राँझचा रंग देऊन ब्राँझ म्हणणं ही वर्गणी देणाऱ्यांची फसवणूक आहे. त्यात गमतीचं काही नाही.

पुतळ्याच्या आत लोखंडी अँगल टाकले तर बिघडतं का? आणि पाया किती खोल? (कोपरखैरणे)

बिघडतं. ओलाव्यात ब्राँझला साधं लोखंड टेकलं की ब्राँझ शाबूत राहतं आणि लोखंड झपाट्याने खाल्लं जातं. खाडीच्या खाऱ्या हवेत तर आणखी लवकर. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी पडला. त्यानंतरच्या चौकशीतही आतला कमकुवत सांगाडा, सदोष वेल्डिंग आणि गंज यांच्याकडेच बोट दाखवलं गेलं. चेहरा कसा होता यावर पुतळे पडत नाहीत.

सांगाडा ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचा घ्या. ३०४ स्वस्त, पण खाऱ्या हवेत त्यावर तपकिरी ठिपके पडतात. गाभा धरून ठेवणारे खिळे लोखंडी असतील तर ते ओतकामानंतर एकूण एक काढून भोकं ब्राँझने बुजवलेली असावीत. नाहीतर पहिल्याच पावसात गालावरून तांबडे ओघळ. गाभ्याची मातीही आतून पूर्ण खरवडून काढायला लावा. ती पाणी धरून ठेवते. आणि तळव्याजवळ, पाटीच्या खाली, करंगळीएवढी दोन-तीन भोकं हवीतच. आत घाम साचतो, त्याला बाहेर पडायला वाट लागते. ही भोकं ‘वाईट दिसतात’ म्हणून उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सिमेंटने बुजवणारे कार्यकर्ते प्रत्येक समितीत एक तरी असतो.

वाऱ्याचा हिशेब करा. मुंबई परिसरासाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलो येतो. नऊ फुटी आकृती, हातात काठी, मागे उडणारा स्कार्फ धरून समोरचं क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर घेतलं आणि आकाराचा गुणक १.३ लावला, तर ढकल पावणेतीनशे किलोंवर जाते. ती निम्म्या उंचीवर लागते. घोट्याशी येणारा ताण म्हणजे मीटरभर लांब पहार भिंतीत रोवून तिच्या टोकाला ३७५ किलो लटकवल्यासारखा. उंची दुप्पट केली तर हा ताण दुप्पट होत नाही, आठपट होतो. एका पायावर धावणारा मुलगा चित्रात सुंदर दिसतो. करायचाच असेल तर दुसरा आधार झुडुपाच्या, खडकाच्या किंवा काठीच्या रूपात नकाशातच काढून घ्या, मागाहून टेकू लावू नका.

प्रत्येक पायातून स्टेनलेसचा २० मिलिमीटरचा दांडा (किंवा जोडी) चौथऱ्यात किमान ६०० मिलिमीटर खाली जावा. चौथरा ओतताना जागा मोकळी ठेवून पुतळा उभा केल्यावर न आकसणारा ग्राऊट (सिमेंटचा पातळ भराव) भरावा. ओल्या काँक्रीटमध्ये दांडे आधीच रोवून ठेवले, तर पुतळा आल्यावर भोकं जुळत नाहीत आणि मग दांडे वाकवले जातात. वाकवलेला दांडा तिथेच तुटतो.

पायाची खोली जमिनीवर ठरते. ठाण्यात येऊरच्या बाजूला मुरूम आणि खडक लवकर लागतो. वाशी, कोपरखैरणेच्या भराव जमिनीखाली खाडीचा मऊ गाळ आहे. तिथे गोम पुतळ्यात नसते, चौथऱ्यात असते. दीड मीटर लांब, रुंद आणि उंच असा भरीव काँक्रीटचा ठोकळा साडेआठ टनांच्या जवळ जातो. वर उभा पुतळा साडेतीनशे किलोंचा, म्हणजे चौथरा त्याच्या चोवीस पट. सव्वादोन चौरस मीटरवर एवढा भार मऊ मातीत टेकवला, की तो एका बाजूने खचतो आणि तुमचा स्काऊट वर्षभरात कलायला लागतो. उपाय : चौथरा आतून पोकळ, बाहेरून दगडाचं आच्छादन, आणि खाली ३ मीटर बाय ३ मीटरचा, ३०० मिलिमीटर जाडीचा राफ्ट (काँक्रीटची रुंद, सलग लादी). ठोकळा भरीव ठेवला तरी राफ्टमुळे भार चौरस मीटरला पावणेदोन टनांवर येतो, पोकळ केला तर आणखी खाली. काँक्रीट एम ३० प्रतीचं, राफ्टमध्ये सळईवर काँक्रीटचं ५० मिलिमीटरचं कव्हर. माती तपासणीचा अहवाल न मागणाऱ्या इंजिनिअरला नम्रपणे निरोप द्यावा.

अमेरिकेत वॉशिंग्टनला स्काऊट मुलांचं मोठं स्मारक आहे. फोटोत मुलाच्या मागे देवतांसारखे स्त्री-पुरुष दिसतात. ते कोण? आम्ही तसंच करावं का? (नेरुळ)

ते स्मारक राष्ट्राध्यक्षांच्या निवासाच्या दक्षिणेला ‘एलिप्स’ नावाच्या हिरवळीशी आहे. शिल्पकार डोनाल्ड डी ल्यू, वास्तुरचना विल्यम हेन्री डीसी यांची. फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या अमेरिकन युद्धस्मशानातला, लाटांमधून वर येणारा २२ फुटी तरुण घडवला तोही डी ल्यू यांनीच. स्काऊटांच्या स्मारकाला संसदेने १९५९ मध्ये मान्यता दिली आणि अर्पण सोहळा ७ नोव्हेंबर १९६४ रोजी झाला. योगायोग असा, की आपल्याकडच्या दोन स्काऊट संघटना एकत्र येऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्सची स्थापना झाली तीही ७ नोव्हेंबरलाच, १९५० मध्ये.

मधला मुलगा गणवेशात, पुढे चालणारा. मागचा पुरुष म्हणजे शरीर, मन आणि नीती यांची सुदृढता, देशप्रेम, धैर्य वगैरे. त्याच्या हातात शिरस्त्राण आणि ओक वृक्षाची फांदी आहे. स्त्रीच्या हातात ज्योत आहे, ती ईश्वरी चैतन्याची. हे अर्थ तिथे स्मारकावरच कोरून ठेवावे लागले, यातच आमचं मत आलं. ज्या रूपकाला पाटी लागते ते आपल्या उद्यानात मुळीच चालणार नाही. इथे लोक ज्योत धरलेल्या बाईला भारतमाता म्हणतील, फुलं वाहतील, आणि शिरस्त्राणवाल्याचं नाव विचारत बसतील.

घेण्यासारखं तिथलं वेगळंच आहे, आणि ते फोटोत दिसत नाही. एक, जागा. अमेरिकन स्काऊटांचा १९३५चा राष्ट्रीय मेळावा पोलिओच्या साथीमुळे रद्द झाला. तो १९३७ मध्ये वॉशिंग्टनला भरला आणि देशभरातून २७ हजारांवर मुलं तंबू ठोकून राहिली. त्या पहिल्या राष्ट्रीय मेळाव्याच्या जागी हे स्मारक आहे. तुमच्या पथकाचा पहिला तंबू कुठे पडला होता, कवायत कोणत्या मैदानावर होत होती, ते शोधा. ते मैदान शाळेमागचं असलं तरी चौकापेक्षा मोलाचं. दोन, पैसा. तिथे पथकापथकातून मुलांनी आपले चिल्लर पैसे दिले, आणि देणाऱ्यांच्या सह्यांची गुंडाळी चौथऱ्यात ठेवली गेली. दगडावर नावं कोरायला घेतली की क्रम, अक्षराचा आकार आणि राहून गेलेले भाऊसाहेब यांवरून भांडणं ठरलेली. गुंडाळीत हजार नावं मावतात.

आपल्या हवेत ती टिकवायची तर : आम्लरहित कागद, पिगमेंटची शाई (बॉलपेन आणि जेलपेन नको), कोरड्या दिवसात भरायची, बरोबर सिलिका जेलच्या पुड्या, आणि पेटी ३१६ स्टेनलेसच्या नळकांड्याची, झाकण वेल्ड केलेलं. वेल्डिंगच्या उष्णतेने कागद करपू नये म्हणून नळकांडं लांब ठेवा आणि कागद दुसऱ्या टोकाला. पेटी चौथऱ्याच्या वरच्या भागात बसवा. तळाशी पाणी असतं.

पुतळ्याला पथकातल्या खऱ्या मुलाचा चेहरा द्यावा का? (पाचपाखाडी, ठाणे)

देऊ नये. पाटण्याला विधिमंडळासमोर सात विद्यार्थ्यांचं ब्राँझ समूहशिल्प आहे, देवीप्रसाद रायचौधुरी यांचं. ते सातही जण ११ ऑगस्ट १९४२ रोजी तिरंगा फडकवायला जाताना गोळीबारात गेले. तिथे नावं हवीतच, कारण स्मारक त्या सात जणांचं आहे. तुमचं स्मारक पथकाचं आहे. एकाचा चेहरा दिलात की बाकीचे सगळे त्याचे पाहुणे होतात.

गणवेशातल्या कोणत्या चुका नेहमी होतात? (कळवा)

सलाम उजव्या हाताने, मधली तीन बोटं सरळ, करंगळीवर अंगठा. मातीकाम करणारे हमखास पोलिसी सलाम घडवतात. हस्तांदोलन दाखवायचं असेल तर ते डाव्या हाताने. बोधचिन्हात तीन पाकळ्यांचं कमळासारखं फूल, त्रिदल आणि अशोकचक्र. चक्राचे आरे २४ असतात. छोट्या बिल्ल्यावर ते ओतले जात नाहीत म्हणून कारागीर सोळा करतो. तसं करण्यापेक्षा बिल्ला वेगळा, सपाट पत्र्यावर कोरून नंतर बसवा. गणवेश कोणत्या दशकाचा ते ठरवून त्याच दशकाचे फोटो शिल्पकाराला द्या, टोपीपासून बुटांपर्यंत. आणि बोधचिन्ह वापरण्याआधी संघटनेच्या जिल्हा कार्यालयाची लेखी संमती घ्या.

कोनशिलेचा मजकूर तयार आहे. दगडवाला म्हणतो, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, उद्या कोरून देतो. पाठवू का? (चरई, ठाणे)

पाठवू नका. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप केलेलं त्याच्याकडे जुन्या फाँटमध्ये बदललं जातं, आणि मोडतात ती नेमकी मराठीचीच अक्षरं. ‘सुऱ्या’चा ‘सुर्या’ होतो, ‘ळ’चा ‘ल’, रफार शेजारच्या अक्षरावर जातो, ‘श्र’ आणि ‘क्ष’ फुटतात. मजकूर पीडीएफ करून द्या. त्याने रबर स्टेन्सिल कापण्याआधी प्रत्यक्ष मापाची छापील प्रत मागा. ती भिंतीवर लावून दोघांनी वाचा, एकाने उलट क्रमाने, शब्दाशब्दाने. सरळ वाचताना डोळा चूक दुरुस्त करून पुढे जातो.

वाचणारा ३ मीटरवर उभा राहणार असेल तर अक्षर २५ मिलिमीटर हवं, ६ मीटरवर असेल तर ५०. देवनागरीत हे माप शिरोरेषेपासून खालचं धरा. वर वेलांट्या, खाली उकार यांना जागा लागते, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर ठेवा. दगडवाले इंग्रजीचा साचा वापरतात, मग वरच्या ओळीचा ऊकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. खोली ४ ते ५ मिलिमीटर. अनुस्वाराचा ठिपका रुंदीला ५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर त्यात धूळ बसून तो दिसेनासा होतो. चकचकीत काळ्या ग्रॅनाइटवर दुपारी आकाश दिसतं, मजकूर दिसत नाही. मॅट किंवा फ्लेम फिनिश (ज्योतीने खरबरीत केलेला दगड) घ्या. सोनेरी रंग भरू नका, तो दोन वर्षांत अर्धा उडतो आणि उरलेली अक्षरं भलतंच काहीतरी वाचली जातात.

मजकुरात पथकाचं नाव, काळ आणि जागेचं नातं एवढं पुरे. मान्यवरांची यादी वेगळ्या, छोट्या पाटीवर, चौथऱ्याच्या मागे.

आमच्या उद्यानातला ब्राँझ पुतळा हिरवा पडत चालला आहे. एका उत्साही सदस्याने चिंच लावून एक हात चकचकीत केला. आता बाकीचाही तसाच करावा का? (ऐरोली)

त्या सदस्याला थांबवा. घरातल्या तांब्या-पितळेचा कळंक चिंचेने निघतो कारण ते भांडं रोज घासायचं असतं. पुतळ्याच्या अंगावरचा तपकिरी थर मुद्दाम रसायनं आणि ज्योत वापरून चढवलेला असतो, आणि तोच त्याचं कवच. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर यांनी ते कवच निघतं. उघडा पडलेला धातू ऐरोलीच्या हवेत पुन्हा हिरवा होणार, या वेळी ठिगळाठिगळाने. खाडीच्या गाळातून येणाऱ्या वायूंमुळे काही भाग काळवंडेल तो वेगळा.

हिरवा कोणता ते आधी ओळखा. सगळीकडे सारखा, घट्ट, बोटाला न लागणारा हिरवा थर असेल तर काळजी नाही. फिकट हिरवी पूड, बोटाला लागणारी, खाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, असं असेल तर ते क्लोराइडचं दुखणं आहे आणि ते आत पोखरत जातं. त्याला ओतकामाच्या माणसापेक्षा धातूच्या संवर्धनाचं शिक्षण घेतलेला माणूस लागतो.

नेहमीची निगा सोपी आहे. वर्षातून दोनदा : एकदा मेमध्ये, पावसाआधी, आणि एकदा दिवाळीनंतर. गोड्या पाण्याने धुवा, बोअरचं पाणी नको, ते खारं असू शकतं. लिटरला ५ मिली सौम्य साबण, मऊ नायलॉनचा ब्रश, वरून खाली. पक्ष्यांची विष्ठा भिजवून काढा, खरवडू नका. प्रेशर पंप लावू नका. तळाची भोकं तारेने मोकळी करा. पूर्ण कोरडं झाल्यावर, धातू कोमट असताना, सकाळच्या उन्हात मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात सुती फडक्याने द्या आणि तासाभराने घासून चमक आणा. नऊ फुटी पुतळ्याला पाव किलो मेण पुरेसं होतं. जाड थर दिला तर धूळ चिकटते आणि पुतळा भस्म फासल्यासारखा दिसतो. चिंच लावलेल्या हाताला मेण लावण्याआधी पुन्हा रंग चढवून घ्यावा लागेल. तो मूळ शिल्पकाराकडूनच घ्या.

जयंतीला घातलेले हारही त्याच दिवशी उतरवा. ओली फुलं आठवडाभर राहिली तर गळ्याभोवती त्यांचा डाग कायमचा बसतो.

पुतळ्याचा फोटो आमच्या दिनदर्शिकेवर छापला तर शिल्पकार हरकत घेऊ शकतो का? (घणसोली)

सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचा फोटो काढून छापायला कॉपीराइट कायद्याने सूट आहे. दुसरी प्रत ओतून शेजारच्या शाळेला देणं मात्र वेगळं. पैसे तुम्ही दिले असले तरी करारात लिहिलं नसेल तर शिल्पाचा हक्क शिल्पकाराचाच राहतो. आणि शिल्पाची मोडतोड किंवा विटंबना झाली तर तो न्यायालयात जाऊ शकतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनातल्या आपल्या शिल्पासाठी तसं केलं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. दर गणपतीला पुतळ्याला रंग देणाऱ्या समित्यांनी हे जरूर वाचावं.

आमची शाखा लहान, पैसे मोजके. ब्राँझ परवडणार नाही. गेलेल्या सभासदांसाठी तरी काही करता येईल का? (बेलापूर)

येईल, आणि ते कदाचित जास्त चांगलं होईल. स्काऊटांच्या मागमूस काढण्याच्या खुणा तुम्हाला माहीत असतील : बाण म्हणजे या वाटेने, फुली म्हणजे इकडे नको, आणि वर्तुळात ठिपका म्हणजे ‘मी घरी गेलो’. केनियात न्येरी इथे स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्या थडग्यावर हीच शेवटची खूण कोरलेली आहे. शाखेच्या किंवा शाळेच्या आवारात, फाटकापासून झाडापर्यंतच्या पायवाटेवर फरशीत बाण बसवा आणि झाडाखाली वर्तुळ व ठिपका.

फरशी करड्या काँक्रीटची, खुणा काळ्या दगडाच्या. जाडी किमान ३० मिलिमीटर, दगड तासलेला, पॉलिश नको, पावसात घसरतो. फरशीचा पृष्ठभाग आणि खूण एका पातळीत, सांधा ३ मिलिमीटर, खाली मुरूम दाबून त्यावर १०० मिलिमीटर काँक्रीट. पाण्याला उतार दर मीटरला १० मिलिमीटर, झाडाच्या दिशेने. बाण एक फुटाचा, वर्तुळ तीन फुटांचं, म्हणजे भोवती मुलं बसू शकतात. झाड पिंपळ किंवा वडाचं असेल तर खुणा बुंध्यापासून किमान चार मीटर दूर, नाहीतर मुळं फरशी उचलतात. मधला ठिपका पितळी करायचा मोह होईल. करू नका, महिन्याच्या आत कुणीतरी तो भंगारात विकेल.